नर्मदेचं इराण

"हा टाका माझा हाय," ती बाई म्हणाली, आणि नर्मदेची निळी कमीज उलटी करून खालची दुमड तिने ट्यूबलाइटखाली धरली. अबूधाबीत हमदान स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत मोहिद्दीनचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. तिथे मी गुरुवारी सकाळी ही कमीज दोन्ही अंगांनी अर्धा इंच आत घ्यायला घेऊन गेलो होतो. कमीज माझ्या बायकोची. ती जाऊन दीड वर्ष झालं. मी साठी पुरी केली, कंपनीने व्हिसा कॅन्सल करायला घेतला, पुढच्या महिन्यात मी कायमचा मुंबईला. म्हणून घरातलं एकेक वाटून टाकत होतो. शेजारच्या फ्लॅटमधली मृणालिनी म्हणाली होती, "काका, काकूंची ती इंडिगो कमीज मला द्या, प्लीज. असा रंग आता मिळत नाही." दिली. मोठी होत होती, म्हणून टेलर. एवढी साधी गोष्ट, हिच्यात काही होण्यासारखं नव्हतं. "बघा ना," बाई म्हणाली, "मी डावरी. माझी तुरपाई उलटी पडते. सगळ्यांचा टाका असा तिरका जातो, माझा असा. ही कमीज मी किशला शिवलेली. अकरा दिवसात तीनदा फाटली, तीनदा शिवली. बाई कुठे असतात आता?" मी सांगितलं. तिने कमीज हळूच सुलटी केली आणि घडी घालून मांडीवर ठेवली, जणू काम घ्यायचंच नव्हतं. मग म्हणाली, "तुमी दत्ताराम. ते गोष्टी सांगणारे."

होय, ते गोष्टी सांगणारे. आता लपवून काय करू, मी थापाड्या माणूस. तेवीस वर्षं अबूधाबीपासून अडीच तासांवर रुवैसच्या रिफायनरीत ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर मिलिमीटरमध्ये खरं बोलायचं, पाइप जिथे आहे तिथेच दाखवायचा; मग संध्याकाळी कॅम्पच्या खाटेवर बसलं की जिभेला कंड सुटायचा. ऑगस्टमध्ये रुवैसच्या समुद्रात मासा शिजूनच गळाला लागतो, मीठसुद्धा वेगळं लावावं लागत नाही, ही माझी. सलाल्याहून आलेल्या एका उंटाने माझ्या गळ्यातला टर्किश टॉवेल खाल्ला आणि वर्षभर टर्किश दूध दिलं, तीही माझीच. पण माझी सगळ्यात गाजलेली थाप म्हणजे नर्मदेचं इराण. अबूधाबीतल्या मराठी घरांतून ती इतक्या वेळा सांगून झाली आहे की मृणालिनीची ओवी, वय वर्षं आठ, ती मध्येच दुरुस्त करते.

मूळ प्रकार कोरडा होता. माझ्या पगारावर फॅमिली व्हिसा बसत नसे. नर्मदा परळला म्युनिसिपालिटीच्या शाळेत ड्रॉइंग टीचर. पन्नासाव्या वर्षी नोकरी सोडून माझ्याकडे आली ती व्हिजिट व्हिसावर. तो संपला की देशाबाहेर पडायचं, नवा निघाला की परत यायचं. त्यासाठी सगळे जायचे किशला. किश म्हणजे इराणचं बेट, दुबईहून विमानाने तासाभराच्या आत, आणि तिथे उतरायला व्हिसा लागत नाही. सगळे सांगायचे, सकाळी जा, संध्याकाळी परत, डबासुद्धा नेऊ नका. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत नर्मदा तशीच गेली, अंगावरच्या कपड्यांनिशी: काळी सलवार, निळी कमीज, पांढरी सुती ओढणी, करडं कार्डिगन. व्हिसा संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. अकराव्या दिवशी आला. मी रुवैसला. प्लँटचं शटडाउन, म्हणजे सगळं बंद ठेवून दुरुस्ती, चालू, बारा-बारा तासांची पाळी, रजा मिळणं शक्य नव्हतं. आता तुम्हाला वाटेल, मी मागितली असेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

ती परत आली तो माझ्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस; एअरपोर्टवरून आणायला राजनची गाडी होती. राजन म्हणजे मृणालिनीचा नवरा, पुण्याचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. नर्मदा मागे बसली, आणि तिने पर्स मांडीवर ठेवायच्या आत मी पुढच्या सीटवरून सुरुवात केली होती: "राजन, ही बाई चार कपड्यांत इराण जिंकून आली आहे." कपड्यांची गंमत आधीपासून होतीच. नर्मदेकडे एकूण पाचच कपडे वापरात असायचे. पाचवी एक कोळशाच्या रंगाची कमीज, ती त्या अकरा दिवसांत घरी हँगरवर लटकून राहिली. "रंग तीनच घ्यायचे," ती म्हणायची, "काळा, निळा, करडा. मग काहीही कशावरही जातं, आणि बॅग एका हाताने उचलते." पांढऱ्याला ती रंग मानत नसे, कागद मानायची. साड्या तिने परळलाच ठेवल्या. इथल्या बायका दर रजेला दोन-दोन सुटकेस भरायच्या आणि हिची पिशवी बघून गप्प व्हायच्या. तर त्या चार कपड्यांवर मी इराण चढवलं. केशराचा भात, परातीएवढ्या रोट्या, गुलाबाच्या पाण्यात बुडवलेलं कलिंगड, हॉटेलच्या जिन्यात टांगलेलं एक जुनं चित्र, त्यात सहा पायांचा घोडा. हॉटेलचा मालक म्हणतो, चार पाय चालायला आणि दोन विश्रांतीला. राजनला गाडी कडेला घ्यावी लागली इतका तो हसला. आरशात मला नर्मदा दिसत होती. ती बाहेर बघत होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मी तिला विचारलं नाही. सांगायची इतकी घाई होती की विचारायला जागाच राहिली नाही. आणि एकदा सांगून झाल्यावर विचारणार काय, गोष्ट तर तयार होती.

दुसऱ्या वर्षी कधीतरी मी स्वतः गोष्टीत शिरलो. नक्की कुठल्या घरी ते आठवत नाही. पंगत चालली होती, नर्मदा कोशिंबीर वाढत होती, आणि मी म्हणालो, "मग आम्ही दोघं त्या घोड्यासमोर उभे." आम्ही दोघं. हे तोंडातून निघून गेल्यावर मी तिच्याकडे पाहिलं, कारण खोटेपणाची एकुलती एक साक्षीदार वाडगं घेऊन समोर उभी होती. तिने माझ्या पानात कोशिंबीर वाढली, जरा जास्तच, आणि सगळ्यांना म्हणाली, "हो, होते ना हे." तेवढंच. त्या दिवसापासून मी किशला होतो. पुढेपुढे तर मला तिथली भट्टी दिसायची, रोटीवर चिकटलेला खडा दातांखाली यायचा, समुद्रावरचं पांढरं पोवळं तळपायाला टोचायचं. रुवैसचे ते अकरा दिवस मात्र पुसट झाले. उरली ती शटडाउनची जळकी हवा आणि बुटांत साचलेला घाम. हेही कुठल्या शटडाउनचं कोण जाणे.

म्हणून ती बाई, हाफिजा तिचं नाव, दापोलीकडची, "किशला" म्हणाली तेव्हा आधी माझ्या तोंडावर आलं होतं की मी तुम्हाला तिथे पाहिलं नाही. ओठांपर्यंत आलं होतं. थांबलो, आणि त्या थांबण्यात पायाखालची फरशी थोडी सरकली. दुकानातली शिलाई मशिनं, भिंतीवरचे कॉलरचे कागदी साचे, मोहिद्दीनच्या कानामागचा खडू, सगळं जागच्या जागी होतं. मीच कुठे आहे ते कळेना. "काय काय झालं तिथे?" मी विचारलं. पाच वर्षांनी, परक्या बाईला, स्वतःच्या बायकोबद्दल. हाफिजाने सुई ओठांत धरली आणि म्हणाली, "आता कामं पडलीत वो. परवा या."

परवा गेलो. जाताना कोळशाच्या रंगाची कमीज नेली, उंची कमी करायला. मग पुन्हा काळी सलवार नेली, कंबर ढिली करायला. मग तीच सलवार पुन्हा, घट्ट करायला. मोहिद्दीन कपडा मापाला पसरायचा आणि माझ्याकडे बघायचा. "चाचा, ये कपड़ा पहनेगा कौन? एक दिन छोटा, एक दिन बड़ा." मी म्हणालो, "हबीबी, हवामान बदलतं, माणसं फुगतात." तो हसला. मला हसवता येतं, ही माझी खोडच आहे. हात मोडलेला माणूसही सवयीने तोच हात पुढे करतो, तसं माझं.

नर्मदा मला तुकड्यातुकड्यांनी मिळाली. पहिल्या खेपेला कळलं: एका खोलीत नऊ बायका, सगळ्या व्हिसावाल्या, जमिनीवर गाद्या. बाहेर पडायचं तर डोकं-अंग झाकायला हॉटेलने काळे झगे दिलेले. पहिले चार दिवस नर्मदा भिंतीकडे तोंड करून रडत होती. अंघोळ करून कमीज धुवायची, ती वाळेपर्यंत झगा गुंडाळून बसायची. हे ऐकताना, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. मनात मी केव्हाचं हेच ठरवून बसलो होतो, की ती तिथे फार सोसली आणि मी त्याची करमणूक केली. हे पाप मला ओळखीचं होतं, माझ्या मापाचं होतं. ते घालून मुंबईला गेलो असतो, आयुष्याची उरलेली वर्षं त्यात काढली असती. दुःखाचीसुद्धा एक ऐट असते. तिथेच, मशिनीच्या धडधडीत, मी ती ऐट अंगावर चढवून बसलो होतो.

चौथा दिवस मात्र माझ्याकडेही होता. तो मी कधी कुणाला सांगितला नव्हता. कॅम्पचा टाइमकीपर भिकाजी ऑफिसच्या दारातून ओरडला, "ओ दत्ताराम, वयनीचो फोन." खोलीत दहाबारा जण चहा पीत होते. रिसीव्हरमधून वारा वाहिल्यासारखा आवाज, आणि त्यात नर्मदा. ती म्हणाली, "मी इथूनच परस्पर मुंबईला गेले तर चालेल का?" दहाबारा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मोठ्याने म्हणालो, "जा की. पण जाताना तिथल्या राजाचं सिंहासन घेऊन जा, आपल्या सोफ्याचा पाय मोडलाय." भिकाजीच्या नाकातून चहा आला. फोनवर काही क्षण नुसता वारा होता, मग तोही गेला. कार्ड संपलं असेल. की ती फक्त म्हणाली होती, जेवलात का? मी खूप प्रयत्न केला. खाटेवर पडून, बसमध्ये, अंघोळ करताना ते वाक्य पुन्हा पुन्हा कानाशी आणलं. पण ज्या जिभेने पाच वर्षं तिच्या तोंडी वाक्यं घातली, तिच्यावर भरवसा ठेवणार कोण? हे वाक्य तरी तिचंच आहे, की आज मला शिक्षा हवी म्हणून मीच रचलं?

"चौथ्या दिवशी तिने फोन केला होता मला," मी हाफिजाला म्हणालो. शब्द इतके हलके ठेवले की नको असल्यास तिला उडवून लावता यावेत.

"केलेला ना," ती म्हणाली. "मी होते संगती. फोन ठेवला नि हसायला लागल्या. मी म्हटलं, व्हिसा आला काय? तर म्हणाल्या, नाही गं, विचारायचं होतं ते विचारून झालं. तवापासून रडल्याच नाहीत. पार मोकळ्या."

पाचव्या दिवशी सकाळी नर्मदा झगा घालून एकटी बाहेर पडली आणि हातभर लांब गरम रोटी घेऊन आली. खोलीतल्या बायका पाकिटातली बिस्किटं पुरवून पुरवून खात होत्या. हिने ती रोटी लोणी लावून सगळ्यांत वाटली आणि स्वतःचा तुकडा खिडकीत उभी राहून खाल्ला, डोळे मिटून. मग रोजच. कुठे आंबट लाल दाण्यांचा भात खाऊन आली, बोटं लाल करून. कुठे दातांत साखरेचा खडा धरून त्यावरून चहा पिणं शिकून आली, खोलीला शिकवलं. हॉटेलच्या जिन्यात खरंच एक चित्र होतं. शिकारीचं, घोड्यांचं. ती त्याच्यासमोर पायरीवर तासतास बसायची, मालक खुर्ची आणून द्यायचा. "पाय किती होते घोड्याला?" मी विचारलं. हाफिजाने माझ्याकडे बघितलं. "घोड्याला किती असतात? पण एकामागे एक उभे होते वो, त्यामुळे जास्ती दिसायचे. बाईच दाखवायच्या, मोजा म्हणून." जी गोष्ट मी हवेतून काढली असं मला वाटत होतं, ती त्या दिवशी एअरपोर्टच्या दारापासून गाडीपर्यंत येताना तिनेच मला दिली असणार, आणि मी ऐकतही नव्हतो. भात होता. रोट्या होत्या. घोडा होता. नर्मदेचं इराण अक्षर न् अक्षर खरं होतं. थाप त्यात एकच होती, ती मी.

संध्याकाळी, हाफिजा सांगत होती, बाई चित्रं काढायच्या. कागद कुणाकडे नव्हता. हाफिजाच्या पिशवीत टेलरचा खडू होता. नर्मदा जमिनीवर काळा झगा पसरायची, खोलीतल्या एकेकीला समोर बसवायची आणि पांढऱ्या रेघांनी तिला त्यावर उतरवायची. सगळ्या भोवती गोळा. सकाळी झगा झटकला की कापडावरची बाई गेली, झगा पुन्हा घालायला मोकळा. "माझं काढलेलं ना, ते मी दोन दिवस झगा झटकलाच नाय," हाफिजा म्हणाली. "आमी म्हणायचो, बाई, आता तुमच्या मिस्टरांचं काढा, बघू तरी कसे हायत. तर हसायच्या. म्हणायच्या, तो एका जागी बसत नाही. मंग तुमच्या गोष्टी सांगायच्या, माशाची, उंटाची. आमी लोळायचो हसून." मोहिद्दीनही कात्री थांबवून हसला. मीही हसलो, माझ्याच गोष्टीला, नको तिथे, एक क्षण उशिरा. आमच्या घरात इतक्या वर्षांत मी तिला चित्र काढताना पाहिलं नव्हतं. कधी विचारलं तर म्हणायची, स्वयंपाक आहे. गुरुवार-शुक्रवार मी घरी, म्हणजे घरात दहा माणसं, दहा माणसांचा स्वयंपाक आणि मधोमध मी. बाकीचे पाच दिवस ती एकटी होती. त्या पाच दिवसांत ती काय करायची, हेही मला माहीत नाही. अकराच दिवस माहीत नाहीत असं मी धरून चाललो होतो.

शेवटचा तुकडा मी मागितला नव्हता. सलवारीची कंबर पुन्हा घट्ट करून झाली होती, मी निघालो होतो. हाफिजा पिशवी हातात देताना म्हणाली, "अकराव्या दिवशी त्यांचा व्हिसा आला. आमच्यातल्या पहिल्या त्याच. रिसेप्शनवाला कागद घेऊन वर आला, आमी टाळ्या पिटल्या. बाईंनी कागद वाचला, घडी केली. मंग कमीज घातली, अर्धी ओलीच होती. मी म्हटलं, वाळू तरी द्या. तर म्हणाल्या," आणि इथे हाफिजा थोडी थांबली, बहुधा तिलाही त्या वाक्याचं वजन तेव्हाच, माझ्यासमोर, कळलं. "म्हणाल्या, आता जावंच लागणार." मग घाईने पुढे म्हणाली, "तसं नाय वो, आमच्यासाठी वाईट वाटलं असणार त्यांना. अकरा दिवसांची संगत."

"असणार," मी म्हणालो.

विचारायला माणूस उरलेलं नाही. तिचा भाऊ विष्णू परळला आहे, त्याला विचारता येईल की हिने तिकडून तुला तिकिटासाठी फोन केला होता का. पण तो हो म्हणाला तरी मी काय करू, आणि नाही म्हणाला तरी? ती परत आली, कोशिंबीर वाढली, माझ्या शेजारी झोपली. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा किशला जात राहिली. ते फेरे मात्र खरंच सकाळी जाऊन संध्याकाळी परत असे झाले. जाण्याच्या आदल्या दिवशी ती केस धुवायची. मला वाटायचं, प्रवास म्हणून. आता वाटतं, दर वेळी तिला आशा असेल का, की या खेपेला तरी कागद लवकर येऊ नये? आणि वाटतं की हीसुद्धा एक थापच, माझ्याच कारखान्यातली. फरक एवढाच की ही ऐकून कोणी हसणार नाही. तिचं दुःख मला उचलता आलं असतं. तिच्या सुखाला कुठे हात घालू? त्याला मी कुठे लागलोच नव्हतो. ना बिघडवायला, ना घडवायला.

शुक्रवारी दुपारी राजनकडे माझ्या निरोपाचं जेवण होतं. मृणालिनीने निळी कमीज घातली होती. तिला छान बसली होती. वीस-बावीस माणसं, पुरण, सुरमई, दोन्ही. राजन म्हणाला, "काका, जाण्याआधी एकदा इराण होऊन जाऊ दे. यल्ला." ओवी माझ्या पायाशी मांडी घालून बसली. मी सुरुवात केली. चार कपड्यांत इराण. एअरपोर्ट, नऊ बायका, काळे झगे. झगे नवीन होते, माणसं पुढे सरकली. मी रोटी सांगितली, आंबट लाल दाण्यांचा भात सांगितला, दातांतली साखर सांगितली. काळ्या कापडावर काढलेल्या आणि सकाळी झटकून टाकलेल्या बायका सांगितल्या. कोणी हसलं नाही, पण कोणाच्या हाताने घासही उचलला नाही. इतकं चांगलं मी आयुष्यात सांगितलं नव्हतं. घोड्यापाशी आलो. "आणि त्या घोड्यासमोर नर्मदा बसलेली," मी म्हणालो, आणि थांबलो.

"अँड यू?" ओवीने विचारलं. "यू वेअर विथ हर, आजोबा."

"मी नव्हतो, बाळ. मी रुवैसला होतो."

कोणीतरी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. राजनने भुवया उंचावल्या आणि मग हसू आणलं, आता पुढे काहीतरी भन्नाट येणार अशा बेताने. ओवी हसली नाही. तिच्या गोष्टीला कोणी भोक पाडलं होतं.

"दॅट्स सो सॅड," ती म्हणाली. "शी वॉज अलोन? नो. पुट युअरसेल्फ बॅक."

बावीस माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मला हसवता येतं. "अगं हो," मी म्हणालो, "होतो की. मीच विसरलो, वय झालं." आणि मी बसल्या जागेवरून उठून गेलो तिथे, किशच्या त्या हॉटेलात. जिना चढलो. ती पायरीवर बसली होती, डोळे वर, ओल्या कमिजीवर काळा झगा. मी तिच्या शेजारी बसायला वाकलो. पायरी दोघांपुरती होती. नर्मदा सरकली नाही.